लास वेगास आणि तिथली थीम कॅसिनो

लास वेगास हे अमेरिकेच्या नेवाडा राज्यातलं, मोहावे वाळवंटात वसलेलं शहर, आणि लोक तिथे जातात ते मुख्यतः थीमवर, म्हणजे एखादं शहर, काळ किंवा कल्पना धरून बांधलेली अवाढव्य कॅसिनो हॉटेलं बघायला. नाव स्पॅनिश, अर्थ कुरणं. पूर्वी इथे जमिनीतून झरे वाहायचे, भोवती गवत असायचं, वाळवंट ओलांडणारे प्रवासी पाण्यासाठी थांबायचे. १९०५ मध्ये रेल्वेने प्लॉट लिलावात विकले आणि गाव वसलं. मग १९३१ मध्ये नेवाडाने जुगार कायदेशीर केला, त्याच वर्षी जवळच हूवर धरणाचं काम सुरू झालं, हातात पगार असलेले हजारो कामगार आले आणि गावाचा नूरच पालटला.

आपण फोटोत जो झगमगाट बघतो तो 'स्ट्रिप' नावाच्या रस्त्यावरचा, जेमतेम पावणेसात किलोमीटरचा पट्टा, आणि गंमत म्हणजे त्यातला बहुतेक भाग लास वेगास शहराच्या हद्दीत येतच नाही, तो पॅरडाइज नावाच्या वस्तीत मोडतो. जुनं वेगास म्हणजे फ्रीमॉन्ट स्ट्रीट, ते उत्तरेला वेगळंच आहे.

थीमची खरी सुरुवात १९६६ च्या सीझर्स पॅलेसपासून धरतात. रोमन खांब, पुतळे, कारंजी. त्याच्या इंग्रजी नावात मुद्दामच अपॉस्ट्रॉफी (‘चा-ची-चे’ दाखवणारी खूण) नाही, कारण मालक जे सार्नो यांचं म्हणणं असं की हा एका सीझरचा महाल नाही, इथे येणारा प्रत्येक पाहुणा सीझर. १९८९ मध्ये दारात कृत्रिम ज्वालामुखी असलेलं मिराज आलं आणि पुढच्या दहा वर्षांत रांगच लागली, १९९० ला किल्ल्याचं एक्सकॅलिबर, १९९३ ला काळ्या काचेचा पिरॅमिड लक्सर (आतल्या लिफ्ट भिंतीच्या उतारावरून तिरक्या जातात, पहिल्यांदा बसलं की पोटात खड्डा पडतो), १९९७ ला न्यूयॉर्कच्या थीमचं न्यूयॉर्क-न्यूयॉर्क, १९९८ ला बेलाजिओ, १९९९ ला व्हेनिसच्या थीमचं व्हेनिशियन आणि अर्ध्या उंचीच्या आयफेल टॉवरसकट पॅरिस. पण इथे काहीच कायमचं नसतं, मिराज जुलै २०२४ मध्ये बंद झालं आणि ज्वालामुखीही गेला, त्यामुळे कुणी दहा वर्षांपूर्वी जाऊन आलेल्याने दिलेली यादी घेऊन निघू नका.

दोन गोष्टी मात्र निवांत बघा. एक व्हेनिशियनमधला कालवा, हा चक्क वरच्या मजल्यावर दुकानांच्या मधून वाहतो, छतावर निळं आकाश आणि ढग रंगवलेत, बाहेर रात्रीचे अकरा वाजले तरी आत कायम सांजवेळ, आणि नावाडी गात गात होडी वल्हवतो. दुसरं बेलाजिओचं कारंजं. संध्याकाळी हॉटेलपुढचं तळं आधी अगदी शांत असतं, मग गाणं सुरू होतं, पाणी आधी हळूच डोलतं आणि शेवटी असं काही वर उसळतं की कठड्याला टेकलेल्या लोकांच्या तोंडावर तुषार येतात आणि सगळे एकदम ओरडतात. फुकट आहे, दुसरा शो लगेच असतो, माझ्या मते वेगासमधली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच.

फिरताना लोकांची फसगत होते ती अंतरात. इमारती इतक्या मोठ्या की समोरचं हॉटेल दोन मिनिटांवर वाटतं आणि प्रत्यक्षात वीस मिनिटं लागतात, त्यात रस्ता ओलांडायला पूल चढायचा, आणि कुठेही जायचं तरी वाट कॅसिनोच्या जुगाराच्या मशिनांमधून जाते. ही रचना मुद्दाम केलेली असते, आत घड्याळंही सहसा दिसत नाहीत. उन्हाळ्यात पारा सर्रास ४० च्या वर जातो, जुलै २०२४ मध्ये तर ४८.९ नोंदला गेला, त्यामुळे भारतातून आलेल्या आई-बाबांना दुपारी स्ट्रिपवर चालवू नका, खरंच नका. काही हॉटेलांच्या मध्ये फुकट ट्राम आहेत त्या वापरा.

गोव्यात मांडवीतल्या कॅसिनोत शिरायलाच पैसे मोजावे लागतात, इथे तसं तिकीट नाही, कुणीही आत फिरावं. खेळायला मात्र २१ वर्षं पूर्ण हवीत, म्हणून पासपोर्ट जवळ ठेवा. मुलांना घेऊन मशिनांपाशी उभं राहता येत नाही, चालत राहायचं. रूलेटमध्ये (आकड्यांच्या फिरत्या चाकावर गोळी कुठे थांबते यावर पैसे लावायचा खेळ) चाकावर दोन शून्यं असतील तर लावलेल्या दर शंभर डॉलरमागे सरासरी सव्वापाच डॉलर कॅसिनोकडे जातात, आणि हल्ली तीन शून्यांची टेबलं आलीत तिथे साडेसातच्याही वर. एवढं गणित कळलं की किती लावायचे ते आपोआप ठरतं. खोलीच्या भाड्यावर 'रिसॉर्ट फी' (हॉटेलचं सक्तीचं जादा शुल्क) वेगळी लागते ती बुकिंगच्या वेळीच बघून घ्या.

कॅलिफोर्नियातली मराठी कुटुंबं लॉस एंजेलिसहून साधारण ४३० किलोमीटर गाडीने येतात आणि बहुतेकदा ग्रँड कॅन्यनही जोडतात. इथे एक घोळ हमखास होतो. दरीवर काढलेला काचेचा स्कायवॉक आहे तो वेस्ट रिमला, म्हणजे पश्चिम काठाला, अडीचेक तासांवर, हुआलापाय आदिवासींच्या जमिनीवर, तिथे नॅशनल पार्कचा पास चालत नाही. नॅशनल पार्कमधला साउथ रिम, म्हणजे दक्षिण काठ, साडेचार तास लांब आहे, एका दिवसात जाऊन येणं म्हणजे फरफट, मुक्काम करा.

ज्या झऱ्यांमुळे ती कुरणं होती आणि गावाला नाव मिळालं ते १९६२ मध्ये आटले, इतका उपसा झाला. आता जवळपास ९० टक्के पाणी कोलोरॅडो नदीचं, हूवर धरणामागच्या मीड तलावातून येतं, आणि घरात-हॉटेलात नळाने वापरलेलं पाणी शुद्ध करून परत तलावातच सोडतात. बेलाजिओचं कारंजं मात्र त्या जागेवरच्या जुन्या गोल्फ मैदानाच्या विहिरीवर चालतं. पाऊण तासावर हूवर धरण आहे, तिथे उभं राहिलं की तलावाच्या कडेच्या लाल खडकावर पांढरा पट्टा दिसतो, पाणी पूर्वी तिथपर्यंत असायचं.