अ‍ॅक्युपंक्चर व वनौषधी उपचार

शरीरावरील ठरावीक बिंदूंवर बारीक सुया टोचून वेदना व अन्य तक्रारी कमी करण्याच्या चिनी परंपरेतील पद्धतीस अ‍ॅक्युपंक्चर म्हणतात. वनस्पतींची मुळे, साल, पाने किंवा बिया यांची चूर्णे, काढे व अर्क औषध म्हणून देणे हा वनौषधी उपचार होय. दोन्ही उपचार अनेकदा एकाच दवाखान्यात मिळतात, म्हणून रुग्ण त्यांना सारखेच निर्धोक समजतो. प्रत्यक्षात सुईचा धोका बव्हंशी टोचणाऱ्याच्या हातावर अवलंबून असतो, तर औषधीचा पुडीतील घटकांवर आणि रुग्ण घेत असलेल्या इतर गोळ्यांवर.

या विषयाशी नागपूरचा एक जुना धागा आहे. १९३८ साली चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकातील पाच डॉक्टरांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, तसे नागपूरचे डॉ. चोळकरही होते. पथकातील डॉ. बसू यांनी पुढे चीनमध्ये अ‍ॅक्युपंक्चर शिकून ते भारतात आणले. केंद्र शासनाने २०१९ मध्ये या पद्धतीस मान्यता दिली. महाराष्ट्रात तिच्यासाठी स्वतंत्र कायदा असल्याने रुग्णाने उपचारकाचा नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच बाळगू नये.

अ‍ॅक्युपंक्चरची सुई भरीव आणि इंजेक्शनच्या सुईपेक्षा पुष्कळ बारीक असते. ती साधारण वीस ते तीस मिनिटे ठेवतात. टोचल्या जागी जडपणा किंवा झिणझिण्या जाणवणे स्वाभाविक आहे. निर्जंतुक सुईचे पाकीट आपल्यासमोर फोडले जाते का आणि वापरलेली सुई पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात टाकली जाते का, एवढे रुग्णाने पाहावेच, कारण पुन्हा वापरलेल्या सुईतून ब प्रकारची कावीळ पसरू शकते. छाती व खांद्याच्या भागात सुई खोल गेल्यास फुप्फुसाभोवती हवा शिरण्याचा क्वचित पण गंभीर प्रकार घडतो. उपचारानंतर दम लागला किंवा छातीत कळ आली, तर घरी पडून न राहता नागपुरातील मेडिकल व मेयो ही सरकारी रुग्णालये किंवा जवळच्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठावा. रक्त पातळ करणारी औषधे, गर्भारपण आणि पेसमेकर यांची माहिती आधीच द्यावी. पेसमेकर असल्यास सुयांतून वीजप्रवाह सोडण्याचा प्रकार टाळतात. जुनी पाठदुखी, गुडघेदुखी आणि अर्धशिशी यांत काही रुग्णांना मध्यम स्वरूपाचा आराम मिळतो. मात्र खोट्या, म्हणजे टोचल्याचा केवळ भास देणाऱ्या सुयांशी तुलना केल्यावर हा फरक बराच आक्रसतो, म्हणून मधुमेह वा कर्करोग बरा करण्याचा दावा करणाऱ्यापासून दूर राहणे शहाणपणाचे.

वनौषधींबाबत अधिक सावधगिरी हवी. ज्येष्ठमध दीर्घकाळ व जास्त प्रमाणात घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटते. इन्सुलिन घेणाऱ्याने कारल्याचा रस सुरू केल्यास साखर धोकादायकरीत्या खाली येऊ शकते. गुळवेल व अश्वगंधा यांच्या सेवनानंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. विदर्भात घरोघरी ठाऊक असलेल्या बिब्ब्याचे तेल कातडीवर उतले की फोड येतात आणि डाग महिनोन्‌महिने जात नाहीत. बेल्जियममध्ये १९९० च्या दशकाच्या आरंभी वजन घटवण्याच्या चिनी औषधीत चुकून ॲरिस्टोलोकिया ही विषारी वनस्पती मिसळली गेल्याने अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली. ओळख चुकलेली वनस्पती किती महागात पडते, याचे ते ठळक उदाहरण.

सांधेदुखीच्या बिननावाच्या चूर्णाने दोन दिवसांत चमत्कार व्हावा, तेव्हा त्यात स्टेरॉइड मिसळल्याची शंका घ्यावी. चेहरा गोल सुजणे, भूक व साखर वाढणे ही त्याची लक्षणे. असे चूर्ण बरेच दिवस घेतले असल्यास ते एकदम बंद करणेही घातक ठरते, कारण शरीराची स्वतःची संप्रेरके तोवर मंदावलेली असतात; ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी करावे लागते. नागपूरच्या इतवारी बाजारातून सुटी आणलेली काष्ठौषधी असो वा बंद डबी, तिची पुडी आणि वेष्टन डॉक्टरांकडे न्यावे. वेष्टनावर परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदत असायला हवी. शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञाला काढ्यांविषयीही सांगावे.

पूर्व विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण पुष्कळ आहेत. त्यांपैकी जे हायड्रॉक्सीयुरिया ही त्या आजारावरील गोळी घेतात, त्यांनी ती कोणत्याही जडीबुटीच्या भरवशावर सोडू नये. ताप, छातीत दुखणे किंवा असह्य वेदना आल्यास सुई व काढा दोन्ही बाजूला ठेवून थेट रुग्णालयात जावे.