फ्लाइट सिम्युलेटर : आवृत्त्या आणि विमाने

फ्लाइट सिम्युलेटर : संगणकाच्या पडद्यावर विमान चालवण्याचा अनुभव देणाऱ्या खेळांचा वर्ग. बोलताना मात्र या नावाने बहुधा मायक्रोसॉफ्टची त्याच नावाची मालिकाच अभिप्रेत असते, आणि प्रस्तुत नोंदही मुख्यतः तिच्याविषयी आहे. वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी वापरली जाणारी, यांत्रिक पायांवर डोलणारी पूर्णाकृती कॉकपिटे याच नावाने ओळखली जातात. त्यांचा विचार येथे केलेला नाही.

आरंभीच एका शब्दाचा घोळ निस्तरणे भाग आहे. मराठीत ‘आवृत्ती’ हा शब्द दोन निराळ्या गोष्टींसाठी चालतो. पुस्तकाची सुधारून काढलेली दुसरी आवृत्ती ही आवृत्तीच, आणि तोच मजकूर कापडी बांधणीत काढला तर तीही आवृत्तीच. या खेळाच्या बाबतीत १९८२, २००६, २०२० ही एका प्रकारची आवृत्ती झाली, तर स्टँडर्ड, डिलक्स, प्रीमियम डिलक्स ही दुसऱ्या प्रकारची. ‘२०२० घ्यावं की डिलक्स घ्यावं?’ हा हमखास विचारला जाणारा प्रश्न या घोळातूनच निघतो. त्याला उत्तर नाही, कारण डिलक्स हा २०२० चाच एक प्रकार आहे. पुढील मजकुरात पहिल्या अर्थी ‘पिढी’ आणि दुसऱ्या अर्थी ‘संच’ हे शब्द वापरले आहेत.

उगम : मालिकेचा आरंभ केव्हापासून धरावा याविषयी एकवाक्यता नाही. ब्रूस आर्टविक यांनी इलिनॉय विद्यापीठात १९७५ साली सादर केलेला प्रबंध उड्डाणाचे दृश्य संगणकाने क्षणोक्षणी रेखाटण्याविषयी होता. त्या कल्पनेवर उभ्या राहिलेल्या सबलॉजिक कंपनीने ॲपल-२ संगणकासाठी पहिला फ्लाइट सिम्युलेटर बाजारात आणला. काही याद्या त्याचे वर्ष १९७९ देतात, तर काही जानेवारी १९८०. घरगुती संगणकाचे कार्यक्रम त्या काळी कॅसेटवर, टपालाने विकले जात, त्यामुळे ‘प्रकाशनाचा दिवस’ ही कल्पनाच तेथे फारशी लागू पडत नाही. १९७९ ची अखेर ते १९८० चा आरंभ एवढे म्हणणे पुरेसे ठरावे. त्यातील विमान पहिल्या महायुद्धातील सॉपविथ कॅमल असल्याचे सामान्यतः मानले जाते. तथापि पडद्यावरील रेषा इतक्या मोजक्या होत्या, की विमानाची ओळख दिसण्यावरून कमी आणि सोबतच्या पुस्तिकेवरून अधिक ठरत असावी.

मायक्रोसॉफ्टने परवाना घेऊन आयबीएम पीसीसाठी काढलेली पिढी नोव्हेंबर १९८२ ची आहे. २०२२ साली कंपनीने मालिकेची चाळिशी साजरी केली, म्हणजे तिच्या लेखी आरंभ १९८२ चा. कंपनीचा इतिहास म्हणून ते ठीक आहे. खेळाचा इतिहास म्हणून पाहिले तर सबलॉजिकची पिढी वगळण्यास सबळ कारण दिसत नाही.

क्रमांकांचाही असाच पेच आहे. १९८२, १९८४, १९८८, १९८९ आणि १९९३ या वर्षांच्या पिढ्यांना १ ते ५ हे सरळ आकडे मिळाले. पुढे विंडोज ९५ साठीची, ९८, २०००, २००२, २००४ अशी नावे आली. पण आतून मोजणी चालूच होती. ‘९८’ ही ६.१ होती आणि २००४ ला जाणकार आजही ‘एफएस-नऊ’ म्हणतात. म्हणूनच २००६ च्या ‘एक्स’ या नावातील एक्स हे अक्षर नसून रोमन दहा आहे. २०१२ मध्ये आलेला आणि काही महिन्यांतच काम थांबलेला ‘मायक्रोसॉफ्ट फ्लाइट’ या क्रमात धरावा की नाही यावर मतभेद आहेत. नावातून ‘सिम्युलेटर’ गाळलेला असल्याने तो बाहेर ठेवणे सोयीचे.

पिढ्या आणि विमाने : १९८२ च्या पिढीत खरे तर एकच विमान होते, सेसना १८२. उड्डाण शिकागोच्या सरोवरकाठच्या मेग्ज फील्डवरून होई. जगाच्या नावाखाली अमेरिकेतील चार भाग होते. त्या काळी नवा पीसी आयबीएमशी सुसंगत आहे की नाही हे पाहण्यासाठी हा खेळ आणि लोटस १-२-३ हा हिशेबाच्या तक्त्यांचा कार्यक्रम चालवून बघत, हा त्याचा एक अनपेक्षित उपयोग. १९८८ च्या पिढीत लिअरजेट २५ आले आणि खेळात जेट आले. पुढच्याच वर्षी श्वायत्झर ग्लायडरची भर पडली. विंडोज ९५ साठीच्या पिढीत बोईंग ७३७-४०० आणि कसरतींसाठीचे एक्स्ट्रा ३००, ९८ मध्ये बेल २०६ हेलिकॉप्टर, २००० मध्ये काँकॉर्ड व बोईंग ७७७, २००२ मध्ये बोईंग ७४७-४०० असा क्रम दिसतो.

२००४ ची पिढी (प्रत्यक्षात जुलै २००३) राइट बंधूंच्या उड्डाणाच्या शताब्दीनिमित्त काढली गेली, आणि विमानांच्या निवडीत विचार दिसतो तो याच पिढीत. राइट फ्लायर, कर्टिस जेनी, व्हिकर्स व्हिमी, फोर्ड ट्रायमोटर, डीसी-३, डी हॅविलँड कॉमेट ही विमाने एकापाठोपाठ चालवली की उड्डाणविद्येचा इतिहास हाताला कळतो. जेनीमध्ये वाऱ्याचा जरा झोत आला की नाक वळते. डीसी-३ ला तेच ढकलणे जाणवत नाही, पण जमिनीवर शेपटीचे चाक टेकलेले असताना समोरचे काहीच दिसत नाही. हा फरक वाचून समजत नाही.

२००६ च्या एक्समध्ये एअरबस ए३२१ व बॉम्बार्डिये सीआरजे-७००, तसेच बीव्हर व ग्रुमन गूज ही पाण्याशी दोस्ती असलेली विमाने आली. जानेवारी २००९ मध्ये ती घडवणारा एसेस स्टुडिओ बंद झाला. तरीही एक्स पुढे दहा वर्षे टिकली, मुख्यतः बाहेरच्या कारागिरांनी बनवलेल्या विमानांच्या जोरावर. १८ ऑगस्ट २०२० रोजी फ्रान्समधील बोर्दो येथील असोबो स्टुडिओने केलेली पिढी आली. तिने विमानांपेक्षा जमीन बदलली : सारी पृथ्वी नकाशांच्या उपग्रह व हवाई छायाचित्रांवरून इंटरनेटद्वारे पडद्यावर येऊ लागली. १९ नोव्हेंबर २०२४ ची पिढी त्याच वाटेने आणखी पुढे जाते. विमानेही गरजेनुसार सर्व्हरवरून उतरतात, त्यामुळे संगणकावर लागणारी जागा २०२० च्या १५० जीबीवरून सुमारे ५० जीबीवर आली. ज्याच्याकडे इंटरनेट वारंवार तुटते त्याला या बचतीचे कौतुक वाटण्याचे कारण नाही.

संच : एकाच पिढीचे दोन डबे विकण्याची पद्धत २००० च्या पिढीपासून (१९९९) आढळते. तिच्या प्रोफेशनल संचात किंग एअर ३५० आणि मूनी ब्रावो ही जादा विमाने होती. २००४ मात्र एकाच संचात आली. २०२० मध्ये तीन संच झाले : स्टँडर्डमध्ये २० विमाने, डिलक्समध्ये २५, प्रीमियम डिलक्समध्ये ३०. हाताने घडवलेले विमानतळ अनुक्रमे ३०, ३५ आणि ४०. २०२४ मध्ये विमानांचे आकडे ७०, ८०, ९५ झाले आणि वर १२५ विमानांचा एव्हिएटर संच आला.

विमानांच्या आकड्यावरून संचांची तुलना करणे ही सर्वत्र आढळणारी रीत आहे, पण ती फसवी आहे. सेसना १७२ चे उदाहरण घ्यावे. या विमानाचे कॉकपिट दोन तऱ्हांचे असते : जुन्या तऱ्हेचे, गोल तबकड्यांचे; आणि नव्या तऱ्हेचे, गार्मिन जी-१००० या दोन मोठ्या पडद्यांचे. २००६ मध्ये तबकड्यांचे १७२ साऱ्यांना मिळे आणि पडद्यांचे फक्त डिलक्सवाल्यांना. २०२० मध्ये बरोबर उलटे झाले : पडद्यांचे स्टँडर्डमध्ये, तबकड्यांचे डिलक्समध्ये. चौदा वर्षांत नवी वस्तू सर्वसाधारण झाली आणि जुनी वस्तू चैनीची. यात विमानाच्या उड्डाणगुणांचा काही संबंध नाही. पंख तेच, इंजिन तेच. शिकणाऱ्याला मात्र फरक पडतो. तबकड्यांच्या कॉकपिटमध्ये नजर सहा ठिकाणी फिरवत ठेवावी लागते, उंची दाखवणाऱ्या तबकडीचे काटे घड्याळासारखे वाचावे लागतात. पडद्यावर उंची थेट आकड्यात लिहिलेली असते.

डिलक्समध्ये वाढणाऱ्या पाचांत डायमंड डीए-४० टीडीआय, डीव्ही-२०, बीचक्राफ्ट बॅरन आणि कसरतींसाठीचे सेसना १५२ ही उरलेली चार. बॅरन वगळता ही लहान, शिकाऊ प्रकृतीची विमाने आहेत. पैसे मोजून मोठे विमान मिळेल या अपेक्षेने डिलक्स घेणारा निराश होतो. बोईंग ७८७-१० आणि सायटेशन लाँगिट्यूड हे जेट त्याच्याही वर, प्रीमियम डिलक्समध्ये आहेत. उलट बोईंग ७४७-८ आणि एअरबस ए३२० निओ स्टँडर्डमध्येच मिळतात. प्रवासी विमाने चालवू पाहणाऱ्याने मधला संच ओलांडून जावे किंवा खालच्यावर थांबावे, असे म्हणता येते. शिवाय नोव्हेंबर २०२१ आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये दिलेल्या मोफत भरीमुळे मूळ आकडे जुने झाले आहेत. दुसऱ्या भरीत एअरबस ए३१०, दोन हेलिकॉप्टरे आणि २००४ च्या पिढीतील राइट फ्लायर, जेनी, डीसी-३ ही जुनी मंडळी परत आली.

एक्स-प्लेन व फ्लाइटगिअर : हे याच वर्गातील दुसरे दोन खेळ. ऑस्टिन मायर यांचे एक्स-प्लेन पंखाचे व पात्याचे लहान तुकडे करून प्रत्येकावरील बल मोजते, त्याच्या पिढ्या आहेत, असे विमानांचे संच नाहीत. फ्लाइटगिअर मोफत आणि मुक्त स्रोताचे आहे, त्यामुळे तेथे संचाचा प्रश्नच उद्भवत नाही.

सोलापूर : एखादे भारतीय शहर खेळात कसे येते याचे उदाहरण म्हणून सोलापूर घ्यावे. २०२० च्या तिन्ही संचांतील ४० हस्तनिर्मित विमानतळांत भारतातील एकही नाही, जवळचे म्हणजे भूतानमधील पारो आणि नेपाळमधील लुक्ला. होटगी रोडवरील सोलापूर विमानतळ (खेळात शोधण्यासाठी व्हीएएसएल हा चार अक्षरी संकेत) हा माहितीवरून आपोआप उभ्या राहणाऱ्या ३७,००० विमानतळांपैकी एक ठरतो. कोणताही संच घेतला तरी सोलापूरकराच्या दृष्टीने शहर तेच राहते, ही गोष्ट संचांची तुलना करताना सहसा ध्यानात घेतली जात नाही.

वरून पाहताना खुणा सापडतात त्या पाण्याच्या. सिद्धेश्वर तलाव आणि त्याला लागून भुईकोट किल्ला, तुळजापूरच्या वाटेला हिप्परग्याचा तलाव, वायव्येकडे निघाल्यास उजनीचा फुगवटा, आणि पश्चिमेला पंढरपूरचे चंद्रभागेचे वळण. इमारतींचा भरवसा धरू नये. छायाचित्रांत दिसणाऱ्या छपरांवरून इमारती उभ्या करण्याचे काम ऑस्ट्रियातील ब्लॅकशार्क कंपनीची यंत्रणा करते, आणि उंची बव्हंशी अंदाजाने ठरते. २०२० मध्ये मेलबर्नच्या एका साध्या वस्तीत २१२ मजल्यांचा मनोरा उगवला होता. कुणीतरी खुल्या नकाशात दोनऐवजी २१२ टंकले होते. सडपातळ उभ्या वस्तू वरून काढलेल्या छायाचित्रात ठिपक्याएवढ्याच दिसतात. त्यामुळे सिद्धेश्वर साखर कारखान्याची जी चिमणी विमानसेवेतील अडथळा ठरवून जून २०२३ मध्ये पाडण्यात आली, आणि जिच्यावरून शहरात वर्षानुवर्षे वाद रंगला, तिचा शोध खेळात घेण्यात फारसा अर्थ नाही.

सोलापुरात प्रत्यक्ष दिसणारे एक विमान एटीआर-७२. जून २०२५ मध्ये गोव्याची सेवा सुरू झाली ती याच दोन पंख्यांच्या विमानाने. २०२० च्या तीन संचांपैकी एकातही ते नव्हते. एप्रिल २०२३ पासून ते एटीआर-४२ सह स्वतंत्रपणे विकले गेले. जमिनीवर उभे असताना या विमानाच्या उजव्या इंजिनाचा पंखा ब्रेक लावून रोखतात आणि इंजिन मात्र चालू ठेवतात, म्हणजे शेपटीत वेगळे छोटे इंजिन न ठेवताही वीज मिळत राहते. या स्थितीला वैमानिक ‘हॉटेल मोड’ म्हणतात, आणि खेळातील विमानातही ती साधता येते. सोलापूर ते मुंबई हे हवाई अंतर सुमारे ३६० किमी. आहे, स्टँडर्ड संचातील सेसना १७२ ला ते कापायला दीड तासाहून थोडा अधिक वेळ लागतो, आणि तो वेळ खेळातही दीड तासाहून अधिकच असतो.