बारकोड ८९० चा म्हणजे माल भारतातलाच का?

बारकोड ८९० नं सुरू झाला की माल भारतातला आन् ६९० ते ६९९ असला की चीनचा, असा मेसेज कितीतरी वर्षांपासून ग्रुपवर फिरायलाय. देशी माल घ्यावा या तळमळीनं लोक पुढं पाठवतात, भावना चांगलीच हाय, पण माहिती बरोबर नाही.

ते पहिले तीन आकडे एवढंच सांगतात की कंपनीनं बारकोडचा नंबर कुठल्या देशातल्या नोंदणीतून घेतला, माल कुठं बनला ते त्यात नसतंच. इथल्या कंपनीनं चीनमधून टॉर्च बनवून आणली तरी खोक्यावर ८९० येऊ शकतं.

मग बघायचं कसं? परभणीच्या दुकानात असा नाहीतर लातूरच्या मॉलमधी, खोकं उलटं करा, एमआरपीच्या आसपास बारीक अक्षरात 'कंट्री ऑफ ओरिजिन' शोधा, आयात केलेल्या पॅकबंद मालावर देशाचं नाव छापणं कायद्यानं बंधनकारक हाय. आतले सुटे पार्ट कुठले, ते मात्र त्यावरूनबी कळत नाही.