‘बाजारपेठ’ कोणाला म्हणायचे? डिपार्टमेंट स्टोअरच्या पीछेहाटीची पार्श्वभूमी

आपल्याकडे मोठ्या किराणा दुकानांच्या पाट्यांवरही ‘डिपार्टमेंटल स्टोअर’ असे लिहिलेले असते. ती दुकाने येथे अभिप्रेत नाहीत. कपडे, पादत्राणे, घड्याळे, सौंदर्यप्रसाधने आणि घरसामान एका छताखाली, मजल्यामजल्यांवर विकणाऱ्या दुकानांविषयी ही टिपणी आहे. ब्रिटिश काळात मुंबईच्या फोर्ट भागात अशी दुकाने होती, परंतु आजच्या साखळ्यांचा उगम १९९१ मध्ये अंधेरीत पुरुषांच्या कपड्यांसाठी उघडलेल्या एका दुकानात शोधावा लागतो.

या दुकानांची पीछेहाट ग्राहकाच्या हातातील मोबाइलमुळे झाली, हे स्पष्टीकरण अपुरे आहे. परकीय भांडवलाला कोणते दार उघडे ठेवले गेले, हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये केंद्र सरकारने अनेक ब्रँड विकणाऱ्या दुकानांत ५१ टक्क्यांपर्यंत परकीय गुंतवणुकीला मुभा दिली. मात्र किमान १० कोटी डॉलरची गुंतवणूक, ३० टक्के खरेदी लघुउद्योगांकडून आणि राज्याची संमती अशा अटी तिला जोडल्या, आणि अशा कंपन्यांना ऑनलाइन किरकोळ विक्रीची मनाई केली. महाराष्ट्राने संमती दिली, तरी त्या वाटेने फारसे कोणी आले नाही.

त्याच काळात परकीय भांडवलावर उभी असलेली ऑनलाइन संकेतस्थळे मात्र जोमाने वाढत होती, आणि त्यांचा सारा आधार ‘बाजारपेठ’ या एका शब्दावर होता. आम्ही माल विकत नाही, विक्रेता आणि ग्राहक यांची गाठ घालून देतो, असे त्यांचे म्हणणे होते. ६ ऑक्टोबर २०१४ रोजी, दिवाळीच्या तोंडावर, एका संकेतस्थळाने एका दिवसाची प्रचंड सवलतविक्री केली, तेव्हा ही सवलत नेमकी कोणाच्या खिशातून दिली जाते, असा प्रश्न व्यापाऱ्यांनी उपस्थित केला. तो रास्तच होता, कारण जानेवारी आणि जुलैतील हंगामअखेरीच्या सेलवर ज्या दुकानांची गणिते बसवलेली होती, त्यांना वर्षभर चालणाऱ्या सवलतींशी झुंजणे शक्य नव्हते.

मार्च २०१६ मध्ये सरकारने हा भेद लेखी केला. स्वतःच्या मालकीचा माल ऑनलाइन विकण्याच्या पद्धतीत परकीय गुंतवणुकीस बंदी आणि ‘बाजारपेठ’ पद्धतीत १०० टक्के मुभा, असे ठरले. एका विक्रेत्याचा वाटा एकूण विक्रीच्या २५ टक्क्यांवर जाऊ नये आणि संकेतस्थळाने किमतींवर प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष प्रभाव टाकू नये, असेही घातले गेले. पळवाट मात्र उरली. समूहातील घाऊक कंपनीने माल घ्यायचा, तो आपलाच हिस्सा असलेल्या विक्रेत्याला द्यायचा आणि त्या विक्रेत्याने तो संकेतस्थळावर मांडायचा, अशी साखळी कागदोपत्री ‘बाजारपेठ’च ठरत होती. डिसेंबर २०१८ च्या सुधारणेने असा हिस्सा असलेल्या विक्रेत्यांना मज्जाव केला. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ती लागू होताच काही मोठ्या विक्रेत्यांचा माल संकेतस्थळावरून नाहीसा झाला आणि भागभांडवलाची फेरमांडणी होताच परतला.

यातला सर्वांत खेदजनक भाग असा, की अंधेरीतील त्या १९९१ च्या दुकानातून वाढलेल्या साखळीने २०१७ मध्ये एका अमेरिकी ऑनलाइन समूहाला सुमारे १७९ कोटी रुपयांना ५ टक्के हिस्सा दिला होता. त्यामुळे दुकानांच्या बचावासाठी म्हणून आलेल्या सुधारणेने तिच्याच मालाच्या त्या संकेतस्थळावरील विक्रीबाबत प्रश्न उभा केला.

पुढे २०२० च्या टाळेबंदीत राज्यातील मॉल ऑगस्टपर्यंत बंद राहिले, तर घरपोच ऑनलाइन विक्रीला त्याआधीच परवानगी मिळाली होती. दुकानांच्या भाड्याची थकबाकी याच महिन्यांत साचत गेली.