हाताने घडवलेली सामुराई शिरस्त्राणं: एका छंदाची पार्श्वभूमी

लेगो या ठोकळे जोडायच्या खेळण्यातल्या इवल्या माणसाला कारखान्यातून सामुराईचं शिरस्त्राण मिळालं ते १९९८ साली. १९७८ पासून त्याच्या डोक्यावर युरोपीय किल्ल्यांतले टोप होते. नवा टोप देखणा होता: मानेवर उतरलेली झालर, कपाळावर वेगळी बसवायची सोनेरी शिंगं. पण घराणं कोणतंही असो, घडण तीच. इतिहासाची ओढ असलेल्या संग्राहकांना हे खटकलं, कारण सोळाव्या शतकातला जपानी सरदार रणांगणात ओळखू यायचा तो डोक्यावरूनच. सेंदाईच्या सरदाराची एका बाजूला लांब गेलेली चंद्रकोर, कुणाची हरणाची शिंगं, कुणाचा उंच निमुळता टोप. हे सगळं एका साच्यातून निघणं शक्यच नव्हतं. मग या इवल्या माणसासाठी स्वतःच टोप घडवायला लोकांनी पुट्टी मळायला घेतली.

पॉलिमर माती सुबक वळते, पण ती साधारण ११० ते १३० अंशांवर भाजावी लागते, आणि तेवढ्या उष्णतेत खेळण्याचं एबीएस प्लॅस्टिक मऊ पडतं. म्हणून दोन भाग एकत्र मळायची इपॉक्सी पुट्टी अनेकांच्या हातात बसली. आपल्याकडे गळता नळ बुजवायला वापरतात ती एम-सील याच जातीची. भाजायची गरज नाही, तास-दीड तास कोरता येते आणि नंतर दगडासारखी घट्ट होते.

खरा कडवटपणा आला तो वेगळ्याच प्रश्नावर: कारखान्याच्या तुकड्याला हात लावायचा का? शुद्धतावाद्यांचं म्हणणं स्पष्ट आहे. कापायचं नाही, रंगवायचं नाही, चिकटवायचं नाही. मूळ तुकड्यांची अदलाबदल करून जे साधेल तेवढंच खरं. यामागे एक सच्चा विचार आहे. या खेळण्यातला प्रत्येक तुकडा पुन्हा सुटा होऊन दुसरीकडे बसू शकतो, आणि कापलेला किंवा चिकटवलेला तुकडा ते स्वातंत्र्य गमावतो.

तरीही सामुराई शिरस्त्राणाच्या बाबतीत हा आग्रह मला पटत नाही. १५४३ साली जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोर्तुगीज बंदुका पोहोचल्या, लढाया हजारोंच्या फौजांच्या झाल्या, आणि अनेक पट्ट्या जुळवून टोप घडवायला सवड उरली नाही. मोजक्या पत्र्यांचा, डोक्याच्याच आकाराचा ‘झुनारी’ टोप पुढे आला. तो साधा, मजबूत आणि लवकर तयार होणारा होता. सरदारांना मात्र वेगळं दिसायचं होतं. मग त्याच लोखंडी वाटीवर लाकूड, चामडं आणि कागदाचे थर चढवून, वर रोगण देऊन शंख, मासे, सशाचे कान उभारले गेले. या चित्रविचित्र टोपांना ‘कावारी काबुतो’ म्हणतात. संरक्षण खालच्या लोखंडाचं, ओळख वरच्या हलक्या थरांची. कारखान्याच्या टोपावर पुट्टी चढवणारा माणूस नेमकं हेच करतो. म्हणून अस्सलपणाच्या निकषावर त्याला बाद ठरवणं मला अन्यायाचं वाटतं.

१६१५ साली ओसाकाचा किल्ला पडल्यावर मोठ्या लढाया थांबल्या आणि शिरस्त्राण हळूहळू शोभेचं झालं. ५ मेच्या मुलांच्या सणाला घरात छोटं शिरस्त्राण मांडायची चाल जपानात आजही आहे.

पुढचा टप्पा सिलिकोनच्या साच्यांचा. एक टोप मन लावून कोरायचा आणि त्याच्या प्रती रेझिनमध्ये, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणाऱ्या द्रव्यात, ओतायच्या. यामुळे चांगली कामं दूरवर पोहोचली, तशीच चोरीही सोपी झाली. विकत घेतलेल्या टोपावरूनच साचा काढून विकणारे निघाले. अशा नकला किंचित आक्रसतात आणि डोक्यावर घट्ट बसतात. जोर लावला की रेझिन तडकतं. मूळ कारागिराची मेहनत आणि नाव दोन्ही बुडतं, आणि याविरुद्ध छंदातले लोक पुरेसे बोलत नाहीत.

त्यानंतर थ्रीडी प्रिंटर घरोघरी आले. छापलेला टोप हस्तकाम म्हणायचा का, यावर आता वाद घातला जातो. बरेचजण मधला मार्ग काढतात: वाटी आणि मानेची झालर छापून घ्यायची, कपाळावरचं ‘माएदाते’ चिन्ह मात्र पितळेच्या पातळ पत्र्यातून हाताने कापायचं. पत्र्याची धार पुट्टीपेक्षा बारीक राहते आणि चिन्ह वाकलंच तर तेवढंच बदलता येतं. खऱ्या शिरस्त्राणांवरही माएदाते असंच काढता-घालता येई.