व्ही-२२ ऑस्प्रे

व्ही-२२ ऑस्प्रे हे अमेरिकेचं टिल्टरोटर प्रकारचं लष्करी विमान, बेल आणि बोइंग या दोन कंपन्यांनी मिळून बनवलेलं. पंखांच्या टोकांना इंजिनं आणि रोटर (फिरणारी मोठी पाती) असतात, ते उभे ठेवले की हेलिकॉप्टरसारखं जागच्या जागी चढतं-उतरतं, पुढे झुकवले की विमानासारखं पळतं. प्रत्यक्ष लढाईच्या भागात तैनात झालेलं हे पहिलंच टिल्टरोटर, पण पहिल्या उड्डाणापासून तिथवर पोचायला १८ वर्षं लागली आणि चाचण्या-सरावात ३० जणांचे जीव गेले.

सुरुवात इराणमधून झाली असं म्हणायला हरकत नाही. एप्रिल १९८० मध्ये तेहरानमधल्या ओलिसांना सोडवायला अमेरिकेने ८ हेलिकॉप्टरं पाठवली, धुळीची वादळं आणि बिघाड यामुळे वाळवंटात धड अवस्थेत ५ च उरली, मोहीम रद्द झाली आणि परत निघताना एक हेलिकॉप्टर तिथेच उभ्या असलेल्या सी-१३० विमानावर आदळून ८ जण गेले. हेलिकॉप्टरचा पल्ला कमी, मोठ्या विमानाला धावपट्टी लागते, मग दोन्हीचं काम करणारं काहीतरी हवं, म्हणून १९८१ मध्ये हा कार्यक्रम सुरू झाला. बेलचं एक्सव्ही-१५ हे प्रायोगिक टिल्टरोटर १९७७ पासून उडत होतंच.

ऑस्प्रे पहिल्यांदा उडालं १९ मार्च १९८९ ला. त्याच वर्षी संरक्षणमंत्री डिक चेनी यांनी फार महाग पडतंय म्हणून ते बंद करायला घेतलं, पण संसदेने दरवेळी पैसे मंजूर केले (कामं कितीतरी राज्यांत वाटलेली, मग कोण बंद करू देणार). १९९१ मध्ये वायरिंग चुकीचं जोडल्यामुळे एक विमान पडलं, त्यात माणसं वाचली. जुलै १९९२ मध्ये व्हर्जिनियातल्या क्वांटिकोजवळ इंजिनाच्या भागात आग लागून दुसरं नदीत कोसळलं आणि ७ जण गेले.

खरा हादरा २००० साली बसला. ८ एप्रिलला ॲरिझोनात माराना इथे रात्रीच्या सरावात एक ऑस्प्रे फार वेगाने खाली येत होतं, पुढचा वेग कमी, आणि अशा वेळी रोटर आपणच खाली ढकललेल्या हवेच्या भोवऱ्यात सापडतो, त्याला व्होर्टेक्स रिंग म्हणतात. साधं हेलिकॉप्टर यात नुसतं खाली बसतं, पण ऑस्प्रेचे रोटर डाव्या-उजव्या टोकाला आहेत, एकाची उचल आधी गेली की विमान सरळ उलटं होतं. तसंच झालं, १९ मरीन (समुद्रमार्गे जाऊन लढणाऱ्या अमेरिकेच्या मरीन कोर दलाचे सैनिक) गेले. डिसेंबरमध्ये नॉर्थ कॅरोलिनात वायरींवर घासून हायड्रॉलिकची नळी फुटली, पायलटने रीसेटचं बटण दाबलं आणि सॉफ्टवेअरमधल्या चुकीमुळे दरवेळी विमान जास्तच बिथरलं, ४ जण गेले. त्यानंतर लगेच, जानेवारी २००१ मध्ये, देखभालीच्या नोंदी खोट्या भरायला सांगितल्याच्या आरोपावरून एका स्क्वाड्रनच्या कमांडरला हटवलं गेलं. माझ्या मते यंत्रातल्या दोषांपेक्षा हे जास्त वाईट, कारण भोवऱ्याचा अभ्यास करता येतो, खोट्या आकड्यांचा काय करणार.

मे २००२ पर्यंत उड्डाणं बंद राहिली. नळ्या-वायरींची मांडणी बदलली, सॉफ्टवेअर सुधारलं, खाली येण्याचा वेग वाढला की इशारा देणारी सोय बसवली, आणि रोटर थोडे पुढे झुकवले की भोवऱ्यातून पटकन बाहेर पडता येतं हे चाचण्यांत दिसलं.

जून २००७ मध्ये मरीन कोरने ते सेवेसाठी तयार जाहीर केलं आणि त्याच वर्षी व्हीएमएम-२६३ स्क्वाड्रन १० ऑस्प्रे घेऊन इराकच्या अनबार प्रांतात अल असद तळावर गेलं. व्हिएतनामच्या काळातल्या सी नाइट हेलिकॉप्टरपुढे वेग जवळपास दुप्पट, आत २४ सैनिक, पल्लाही मोठा, त्यामुळे पश्चिम इराकची लांब अंतरं एकदम आटोक्यात आली. पण खरं सांगायचं तर तोवर अनबार बराच शांत झाला होता, काम बहुतेक माणसं आणि सामान ने-आण करण्याचं, म्हणजे कस लागला असं फारसं म्हणता येत नाही. मागच्या रॅम्पवरची एक मशीनगन सोडली तर शस्त्रही नव्हतं, आणि धुळीत इंजिनं ठरलेल्या तासांच्या आधीच बदलावी लागत होती. २००९ च्या शेवटी अफगाणिस्तानात हेलमंदमध्ये हल्ल्यासाठी सैनिक उतरवायला ते वापरलं गेलं, एप्रिल २०१० मध्ये झाबुलमध्ये हवाई दलाचं सीव्ही-२२ (ऑस्प्रेचाच एक प्रकार) पडून ४ जण गेले, आणि मार्च २०११ मध्ये लिबियात पडलेल्या एफ-१५ लढाऊ विमानाच्या पायलटला जहाजावरून आलेल्या ऑस्प्रेने उचलून आणलं. हे शेवटचं काम मात्र ज्यासाठी ते बनवलं अगदी तेच.

मूळ तडजोड अजून तशीच आहे. जहाजाच्या डेकवर मावावा म्हणून रोटर ३८ फुटांचाच ठेवला, तो हेलिकॉप्टरसाठी लहान आणि विमानासाठी मोठा, म्हणून खाली हवेचा मारा भयंकर बसतो आणि दोन्ही इंजिनं गेली तर हेलिकॉप्टरसारखं तरंगत उतरणं जवळपास अशक्य. एक इंजिन गेलं तर पंखातून जाणारा शाफ्ट दुसऱ्याची ताकद दोन्ही रोटरना पुरवतो, पण त्यामुळे गिअरबॉक्स आणि क्लचवर सगळी मदार. २०२२ मध्ये कॅलिफोर्नियात ५ जण गेले ते क्लचच्या दोषाने, नोव्हेंबर २०२३ मध्ये जपानच्या याकुशिमाजवळ ८ जण गेले ते गिअरबॉक्समधला गिअर तुटून, आणि त्यानंतर मार्च २०२४ पर्यंत अमेरिकेची सगळी ऑस्प्रे जमिनीवर होती.