बिनतारी माइक : ट्रान्समीटरचे सेटिंग

बोलणाऱ्याच्या हातात किंवा कमरेला असलेल्या ट्रान्समीटरवर आवाजाची पातळी, म्यूटचे बटण, फ्रिक्वेन्सी आणि प्रक्षेपणाची शक्ती कार्यक्रमाआधी ठरवून ठेवणे, याला ध्वनिव्यवस्थेच्या धंद्यात ‘सेटिंग करणे’ म्हणतात. या माइकला आपल्याकडे सर्रास ‘कॉर्डलेस’ म्हटले जाते. हातातल्या माइकमध्ये ट्रान्समीटर दांड्यातच बसवलेला असतो. कॉलर माइकला किंवा गालापाशी येणाऱ्या माइकला तो वेगळ्या डबीत असतो. ही डबी म्हणजे बॉडीपॅक. अमेरिकेतील शुअर कंपनीने १९५३ मध्ये ‘व्हॅगाबाँड’ हा बिनतारी माइक बाजारात आणला, तेव्हा त्यात निर्वात नळ्या होत्या. आजच्या बॉडीपॅकमध्ये छोटा पडदा आणि मेनू असतो, आणि घोटाळे बहुतेक त्या मेनूतच होतात.

या सगळ्यांत महत्त्वाचा गेन, म्हणजे माइकचा सिग्नल किती वाढवायचा त्याचे प्रमाण. आवाज मिक्सरवर कमी-जास्त करता येत असताना ट्रान्समीटरवर पुन्हा गेन कशाला, असा प्रश्न नवख्याला पडतो. माइकमधून निघालेला सिग्नल आधी ट्रान्समीटरच्या प्रीअँपमधून, म्हणजे तो वाढवणाऱ्या भागातून, जातो. तिथे तो फाटला, की फाटलेलाच आवाज हवेतून लहरी झेलणाऱ्या रिसीव्हरकडे जातो. मिक्सरवरची पट्टी खाली घेतली तर तो बारीक होतो, नीट होत नाही. उलट गेन फारच कमी ठेवला, तर पुढे मिक्सरवर आवाज उचलताना त्याबरोबर सळसळही उचलली जाते. अ‍ॅनालॉग यंत्रणेत ही सळसळ दाबण्यासाठी ‘कंपँडर’ असतो. तो साधारणपणे ट्रान्समीटरमध्ये आवाजाचा चढउतार निम्मा करतो, म्हणजे ८० डेसिबलचा फरक ४० वर आणतो, आणि रिसीव्हर तो पुन्हा उलगडतो. प्रत्येक कंपनीचा कंपँडर वेगळा असल्यामुळे एकीचा ट्रान्समीटर दुसरीच्या रिसीव्हरवर त्याच फ्रिक्वेन्सीला लावला, तर आवाज येतो खरा, पण धाप लागल्यासारखा.

आकड्यांची एक गंमत लक्षात ठेवावी लागते. सेन्हायझर कंपनीच्या ईडब्ल्यू मालिकेतील जी३ पिढीच्या बॉडीपॅकवर ‘सेन्सिटिव्हिटी’ (गेनचेच दुसरे नाव) ० ते उणे ६० डेसिबलपर्यंत ३-३ डेसिबलच्या टप्प्यांनी बदलते. इथे शून्य म्हणजे आवाज बंद नव्हे, तर सर्वांत जास्त संवेदनशील. हलक्या आवाजात बोलणाऱ्याला शून्याच्या जवळ जायचे, दणदणीत गळ्याला उणेत खोल उतरायचे. काही स्वस्त यंत्रांत मेनू नसतो. बॅटरीच्या झाकणाआड बारीक स्क्रू असतो, तो छोट्या पेचकसाने फिरवावा लागतो, किंवा ० आणि उणे १० असे दोनच पर्याय देणारी कळ असते.

गेन ठरवायचा तो सर्वांत मोठ्या आवाजावर, आणि नेमके हेच ‘हॅलो, हॅलो, चेक, वन टू थ्री’ करताना होत नाही. कीर्तनाचे उदाहरण घ्या. कीर्तनकारबुवा चाचणीला दोन ओळी गुणगुणतात, ऑपरेटर त्यावर गेन लावतो. पूर्वरंगातल्या निरूपणात सगळे सुरळीत चालते. गजर सुरू झाला, की तोच गळा कितीतरी वर चढतो, टाळ छातीपाशी वाजू लागतात, आणि रिसीव्हरवरचा ‘पीक’चा लाल दिवा विझायचे नाव घेत नाही. म्हणून जाणता ऑपरेटर चाचणीलाच सांगतो, ‘बुवा, एक गजर पूर्ण जोरात म्हणा.’ त्या जोरावर लाल दिवा अगदी क्वचित लुकलुकला, तर गेन बरोबर. चाचणीत कोणीच मनापासून ओरडत नाही, हे गृहीत धरून वर ६ ते १० डेसिबल जागा सोडलेली बरी.

खालचे, जाड आवाज कापणाऱ्या लो-कट फिल्टरची सोय असेल, तर भाषणासाठी तो चालू ठेवावा. पंख्याचा वारा, माइक हाताळल्याची गुरगुर आणि व्यासपीठावरच्या पावलांचा धपधप आवाज बराचसा सुमारे १०० हर्ट्झच्या खाली असतो. कॉलर माइकवर घासणारे उपरणे किंवा आपटणारे मंगळसूत्र मात्र कोणत्याही फिल्टरला दाद देत नाही. तिथे माइक दोन बोटे सरकवणे हाच उपाय.

म्यूटचे बटण काय करील, हेही अनेक यंत्रांत ठरवता येते. एका पर्यायात फक्त आवाज बंद होतो आणि रेडिओ-लहर चालू राहते. दुसऱ्यात लहरच थांबते. रंगमंचावर पहिला पर्याय बरा, कारण लहर थांबली की रिकाम्या फ्रिक्वेन्सीवर भलतेच काही घुसायला वाव मिळतो. तो धोका टाळण्यासाठी पुष्कळ यंत्रणांमध्ये ट्रान्समीटर आवाजासोबत ३२ किलोहर्ट्झच्या आसपासचा, कानाला न ऐकू येणारा खुणेचा सूर पाठवतो. तो सूर दिसला तरच रिसीव्हर तोंड उघडतो. बटण पूर्ण निकामी करणे हा तिसरा पर्याय, आणि नाटकात किंवा सभेत तोच सर्वांत शहाणपणाचा. प्रमुख पाहुण्यांनी माइक बंद करून ठेवायचा आणि भाषणाला उभे राहिल्यावर ऑपरेटरकडे रागाने पाहायचे, हा प्रसंग कुठल्याही मांडवाला नवा नाही. मेनूला कुलूप लावायची सोय बहुतेक ठिकाणी असते. नसेल तिथे कळीवर चिकटपट्टी लावतात.

फ्रिक्वेन्सी सहसा रिसीव्हरवर शोधून इन्फ्रारेडने ट्रान्समीटरला दिली जाते. अनेक माइक असतील, तर समान अंतर ठेवायचे नाही. ५०० आणि ५००.४ मेगाहर्ट्झचे दोन ट्रान्समीटर शेजारी आले, की त्यांच्या संकरातून ४९९.६ आणि ५००.८ ही भुते तयार होतात. तिसरा माइक ५००.८ वर ठेवला असेल तर तो त्या भुताच्याच जागेवर बसतो. शक्ती वाढवली, की हा त्रासही वाढतो. त्यामुळे १०, ३० आणि ५० मिलिवॉट असे पर्याय दिसले की डोळे मिटून ५० निवडणे चूक. रिसीव्हर विंगेतच असेल तर १० पुरतात. जुनी यंत्रे लावताना आणखी एक गोष्ट पाहावी : ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या लहरी २०२२ च्या लिलावात मोबाइल सेवेसाठी विकल्या गेल्या आहेत. बॉडीपॅकची अँटेना गुंडाळून खिशात कोंबू नये, घामट अंगाला चिकटू देऊ नये. हातातल्या माइकची अँटेना बहुधा खालच्या टोकाला असते. ती मुठीत धरणारे आणि वरची जाळी तळहाताने झाकून शिट्टी ओढवून घेणारे गायक, दोन्ही सारखेच डोकेदुखीचे.

डिजिटल यंत्रणांनी गेनचा प्रश्न बराच सोपा केला आहे. सेन्हायझरच्या ईडब्ल्यू-डी मालिकेत सर्वांत हलक्या आवाजापासून सर्वांत मोठ्यापर्यंत १३४ डेसिबलचा आवाका मिळतो, म्हणून ट्रान्समीटरवर संवेदनशीलता लावावीच लागत नाही. पातळी रिसीव्हरवर ठरते. शुअरच्या यूएलएक्स-डीमध्येही गेन रिसीव्हरवरच असतो. ट्रान्समीटरवर उरतो तो दोन माइकची पातळी सारखी करण्यापुरता ‘ऑफसेट’. मुलाखती चित्रित करणाऱ्यांच्या छोट्या क्लिप-माइकपैकी रोड कंपनीच्या वायरलेस प्रोसारख्या काहींत ट्रान्समीटर स्वतःच ३२-बिट फ्लोट या मोठ्या आवाक्याच्या डिजिटल स्वरूपात ध्वनिमुद्रण करून ठेवतो. हवेतून गेलेला आवाज बिघडला, तरी आतली प्रत वाचते. हॉलमध्ये त्या क्षणी ऐकणाऱ्याला अर्थातच तिचा उपयोग नाही.

शेवटचे सेटिंग बॅटरीच्या प्रकाराचे. साधा अल्कलाइन सेल १.५ व्होल्टचा, पुन्हा चार्ज होणारा निकेल-मेटल हायड्राइड १.२ चा. मेनूत चुकीचा प्रकार राहिला, तर नुकताच चार्ज केलेला सेलही अर्धा संपलेला दिसतो, किंवा भरलेला दिसणारा सेल ध्यानीमनी नसताना मान टाकतो. नाटकवाले मीटरवर भरवसा ठेवत बसत नाहीत. तिसऱ्या घंटेआधी सगळ्या बॉडीपॅकमध्ये नवे सेल जातात आणि काढलेले अर्धे-मुर्धे सेल तालमीच्या डब्यात.